त्यात काहीच घडत नाही, वन्सं

क्योतो,
मेपलची पानं बघायला येणारी गर्दी एकदाची ओसरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी

ती. तोमेकोवन्सं यांस,

यासुएचा साष्टांग नमस्कार. (पत्रातच. प्रत्यक्षात वाकले तर उठवायला कुणाला तरी बोलवावं लागेल, आणि मग ‘नमस्कार करताना अडकली’ म्हणून तुम्ही ओसाकाभर सांगत सुटाल.) इकडे थंडी पायांपासून चढायला लागली आहे. तिकडे तुमच्या तव्यापुढे यायची तिची छाती होत नसेल. गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात की गुडघा ठणठणीत आहे, डॉक्टरच अर्धवट आहे. तेव्हा डॉक्टरांचीही तब्येत कळवावी. दुकानातली कोबीची धिरडी अजून तुम्हीच उलटता की सूनबाईंच्या हाती उलथनं दिलंत? दिलं नसणारच. तुमचे बंधू फोटोत आहेत तसेच आहेत. रोज सकाळी त्यांच्यापुढे भात ठेवते, तो फडफडीत झाला की गिचका झाला याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. जिवंतपणी या बाबतीत इतके समंजस नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

नमनालाच घडाभर तेल गेलं, आता मुद्द्यावर येते. (क्योतोची बाई मुद्द्यावर येते म्हणाली की ओसाकाच्या माणसानं आधी जेवून घ्यावं, असं तुम्ही माझ्या लग्नातच सगळ्यांना सांगितलं होतंत.) गेल्या आठवड्यात फोनवर मी बोलून गेले की हल्ली मी शाळकरी मुलींचं एक कार्टून बघते. त्यात काय असतं ते तुम्ही विचारलंत, मी भाबडेपणानं सांगितलं, आणि तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की तुमची गिऱ्हाइकंही हसल्याचं मला ऐकू आलं. वर म्हणालात, "अगं यासुए, चार पोरी बसथांब्यावर बसतात, बडबडतात, बस येते, पोरी जातात. यात बघायचं काय? माझ्या दुकानासमोर हे रोज फुकट दिसतं." त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आम्हा लोकांना उत्तर आठवड्यानं सुचतं, म्हणून आमच्याकडे पत्रं लिहायची पद्धत आहे.

तर त्या मालिकेचं नाव ‘बस यायची आहे’. (त्याला कार्टून म्हणू नये, ॲनिमे म्हणावं, असं तादायुकी सांगतो. माझा मुलगा ऑफिसात मोठा साहेब आहे, तरी या बाबतीत हळवा आहे.) समुद्राकाठचं लहानसं गाव. शाळा सुटते आणि चौघी थांब्यावर येऊन बसतात. कुणाच्या डब्यात काय उरलं, कुणाच्या मांजरीला किती पिल्लं झाली, गणिताच्या बाईंचं लग्न कुणाशी ठरलं, असलं बोलणं. पहिला भाग बघताना मला झोप लागली. दुसरा बघताना मी सगळी भाजी निवडून घेतली. तिसऱ्या वेळी निवडायला काही उरलं नव्हतं म्हणून मान वर गेली, तर मागून एक बस आली आणि निघूनही गेली, आणि कुणी त्याबद्दल काही बोललं नाही. ती सेनची बस. सेन म्हणजे चौघींतली कमी बोलणारी. तिचं घर उलट्या दिशेला, त्यामुळे तिची बस सगळ्यांच्या आधी येते. ती रोज ती सोडते, बाकीच्या तिघींची बस येईपर्यंत गप्पा ऐकत बसते, आणि मग घाटानं एकटी चालत घरी जाते. हे कुणी सांगत नाही. एकदा ती घराच्या पायरीवर बूट काढते तेव्हा बुटांचे झिजलेले तळ दिसतात, तेही डोळ्याचं पातं लवतं तितकंच. पुढे एका पावसाच्या दिवशी कोनात्सु नावाची सगळ्यांत बडबडी मुलगी, जिला मी इतके दिवस बावळट समजत होते, ती म्हणते, "आज मी चुकून दोन छत्र्या आणल्या." एक छत्री सेनच्या मांडीवर टाकते आणि पुन्हा मांजरीच्या पिल्लांवर सुरू होते. वन्सं, मी रडले. तुमच्या भावाच्या तेराव्याला पाहुण्यांची सरबराई करताना रडायला सवड मिळाली नव्हती, ते सगळं त्या छत्रीवर निघालं.

तुम्ही म्हणाल, कार्टून काढणाऱ्यांनी सहज काढलं असेल, यासुए उगाच खोल विहीर खणतेय. पण आठवून बघा. हे गेले तेव्हा तुम्ही ओसाकाहून आलात आणि दारातूनच माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवलीत. "हिच्या हातचं खाऊन आलेली माणसंही जातील," असं सगळ्यांदेखत म्हणालात, मला बाहेर हाकललंत, आणि पाहुणे जाईपर्यंत चुलीपुढून हलला नाहीत. मला तेव्हा राग आला होता. (बराच. आता सांगायला हरकत नाही.) ते बोलणं कशासाठी होतं, हे मला या मालिकेनं उलगडून दाखवलं. माणसं खरी गोष्ट बडबडीच्या खाली ठेवतात आणि वर मांजरीची पिल्लं मांडतात, एवढंच तिच्यात आहे, आणि तेवढं काही थोडं नाही.

आता ही मालिका माझ्याकडे आली कशी ते सांगायला हवं. आमच्याकडचा आमंत्रणाचा नियम तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही त्याला रोग म्हणता.) पहिलं आमंत्रण म्हणजे शिष्टाचार, त्याला नाही म्हणायचं. दुसरं म्हणजे चाचपणी, त्यालाही नाही. तिसऱ्यांदा विचारलं की मग ‘आता इतकं म्हणताच आहात तर’ असं म्हणून मान डोलवायची. तादानं नागोयाला नवं घर घेतलं तेव्हा नव्या वर्षाच्या जेवणावर म्हणाला, "आई, दक्षिणेकडे एक खोली उगाच जास्त निघाली आहे. काय करायचं कळत नाही." मी म्हटलं, "बर्फावर घसरायच्या तुझ्या त्या पट्ट्या ठेव." वसंतात चेरी फुलल्यावर स्पष्टच म्हणाला की तू ये राहायला, आणि मी इतक्या सुबकपणे नाही म्हटलं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. ही गल्ली, ह्यांचा फोटो, शेजारपाजार, सगळं त्या नकारात बसवलं. मग मी तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. पण त्याची बायको चिसातो नागोयाची. ती माणसं बोललेलं खरं धरतात, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मुलगाही तसाच झाला.

ओबोनला पितरांसाठी तो आला, थडग्यावर पाणी घातलं, जेवला, आणि जाताना रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "विशेष काही नाही, आई. वेळ जाईल." वन्सं, माझा सगळा जन्म ‘विशेष काही नाही’ म्हणत वस्तू देण्याघेण्यात गेला. त्या शब्दांखाली काय असतं हे मी डोळे मिटून ओळखते. पण पोटच्या पोराच्या वेळी मला वाटलं, खरंच विशेष काही नसेल. ते गाठोडं टीव्हीखाली ठेवलं आणि त्याच्यावरची धूळ तेवढी नेमानं झटकली. शरदात एकदा कंटाळून सोडलं तर आत या मालिकेच्या तबकड्या निघाल्या, आणि त्या छत्रीपाशी पोचले तेव्हा मी उठून बसले. चुकून आणलेली छत्री. उगाच जास्त निघालेली खोली. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं होतं, आणि ते विचारणं माझ्या टीव्हीखाली पडून राहिलं होतं.

मग मी त्याला सुचवायला सुरुवात केली. (सरळ का नाही सांगितलं, हे विचारू नका. ताकाला जाऊन भांडं लपवणं आमच्या पाण्यातच आहे.) पत्रात लिहिलं की यंदा जिना जरा उभा झाल्यासारखा वाटतो. चार दिवसांत सुतार येऊन कठडा बसवून गेला. लिहिलं की रात्री पाय गार पडतात. विजेवर तापणारं पांघरूण आलं. मग जरा धीटपणे लिहिलं की दिवसभर घरात बोलायला कुणी नसतं. त्यावर एक गोल यंत्र आलं, ते जमीन झाडत घरभर फिरतं आणि कोपऱ्यात अडकलं की ‘कृपया मदत करा’ म्हणतं. घरात सरळ बोलणारं तेवढं एकच आहे. मी एकेक अडचण सांगत गेले आणि तो एकेक दूर करत गेला. आता घर इतकं सोयीचं झालं आहे की ते सोडायला माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही.

शेवटी त्यानं चहाच्या पाण्याचा विजेचा थर्मास पाठवला. त्याची कळ दाबून पाणी घेतलं की तादाच्या मोबाइलवर निरोप जातो, म्हणजे आई उठली, हिंडतेफिरते आहे. मला वाटलं, चला, बोलायचं साधन मिळालं. एका सकाळी मी ठरवलं की आज चहा घ्यायचा नाही. चिंतेनं तरी विचारेल. फोन वाजत राहिला, मी उचलला नाही, कारण उचलला असता तर मी बरी आहे असं म्हणावं लागलं असतं. चहावाचून डोकं चढलं होतं. तेवढ्यात मागच्या अंगणात धपकन आवाज झाला. तादानं शेजारच्या टोफूवाल्या कुरामोचींना फोन केला होता, ते मागच्या भिंतीवरून आत उतरले आणि त्यांचा पाय थेट माझ्या सलगमच्या लोणच्याच्या पिंपात गेला. मी दार उघडलं तर ते तसेच पिंपात उभे राहून फोनवर सांगत होते, "आहेत, आहेत. जिवंत आहेत, फक्त माझ्याकडे रागानं बघतायत."

दुपार व्हायच्या आत तादा ऑफिसच्या कपड्यांतच दारात उभा. चेहरा पांढराफटक. मी काय म्हटलं असेल? "कामाच्या दिवशी कशाला आलास?" त्यानंच थर्मासची कळ दाबली, चहा केला, आणि त्याचा मोबाइल त्याच्याच खिशात वाजला, त्यावर आम्ही दोघं थोडं हसलो. मग मी म्हटलं, ते तुझं कार्टून लाव, वेळ जाईल. त्यानं नेमका तोच पावसाचा भाग लावला. कोनात्सु छत्री टाकते तिथे त्यानं खिडकीकडे बघितलं आणि मी चहाच्या कपात. जाताना दारात तो बुटांची नाडी बराच वेळ बांधत बसला. बांधून झालेली सोडली आणि परत बांधली. मग पाठमोराच म्हणाला, "ती खोली, आई. नव्या वर्षात सुतार येणार आहे. भिंत पाडून बैठकीची खोली मोठी करू म्हणतोय. चिसातोला पियानो ठेवायचा आहे." मी म्हटलं, "छान होईल. हवा खेळती राहील." दार लागल्यावर मी तिथेच पायरीवर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, वन्सं. त्याचं नाही, माझ्या तोंडाचं.

असो. सांगायचा मुद्दा एवढाच की ती मालिका वाटते तितकी पोरकट नाही, आणि गिऱ्हाइकांसमोर भावजयीला हसणं तुम्हाला शोभत नाही. बाकी इकडे सगळं क्षेम. तुमच्या सूनबाईंना आणि उलथन्याला माझा नमस्कार सांगावा.

आपली,
यासुए

ता. क. सलगमचं लोणचं वेगळं पाठवलं आहे. कुरामोचींचा पाय पडला ते पिंप दुसरं होतं. बहुतेक.

ता. क. तुम्ही तादाला अधूनमधून फोन करून झापत असताच. यंदाचं झापणं सुतार यायच्या आत उरकून घ्या. भिंत पाडू नकोस म्हणावं. आत्याचं तो लहानपणापासून ऐकतो. मी सांगितलं असं सांगू नका, तुम्हालाच सुचलं म्हणा. एक घाव दोन तुकडे करणारं तोंड आपल्या घराण्यात एकच आहे. आजवर मी त्याला नावं ठेवली, आता मला ते हवं आहे.

ता. क. वरचं लिहिल्यावर लक्षात आलं की तुम्ही झापलंत तर तो लगेच फोन करून मला विचारेल, आणि मी नाही म्हणेन. माझा इलाज नाही, तोंड आपोआप तसं वळतं. त्यापेक्षा त्याला सांगा, विचारूच नकोस, रविवारी टेम्पो घेऊन ये. मी दारात ‘कशाला आलास’ म्हणेन, तिकडे लक्ष न देता आत जाऊन सामान उचलायला लाग म्हणावं. फार वेळ लागणार नाही. भांडी मी तो भिंतीचं बोलून गेला त्याच दिवशी कागदात गुंडाळून ठेवली, तेव्हापासून एकाच वाडग्यात जेवते आहे.