जिन्यातला ओळंबा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तू तुझ्या भाचीला गवंड्याचा ओळंबा पाठवलास आणि आमच्या जिन्याची शांतता गेली. बिट्टीनं तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून दोरा सोडलाय. खाली फरशीवर, टोकाच्या बरोब्बर खाली, खिळ्यानं खूण कोरलीय. ती झोके मोजत असली की येणाऱ्या-जाणाऱ्यानं श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

आता म्हणते, ओळंबा खुणेवर येत नाही, जवभर कापडदुकानाकडे सरकलाय, म्हणजे इमारत कलतेय. हे भडकले. इमारतीचे सचिव हेच, आणि तळमजल्याच्या कापडवाल्याला मधली भिंत पाडायची परवानगीही यांचीच. पोरीला भलतं शिकवू नकोस, असा तुला निरोप आहे.

खरं सांगू? मध्ये मी तो दोरा सोडवून त्यावर चादरी वाळत घातल्या आणि नंतर पुन्हा बांधला. आता कोण चुकलं ते तूच सांग. मला मात्र झोप लागत नाही.

ताईचे आशीर्वाद, आणि कान उपटायचा हक्क राखून.

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चादरींनी प्रयोग धुऊन काढला. दोरा नव्यानं बांधला की जुनी खूण बाद. बिट्टीला म्हणावं, रुसू नकोस, नवी खूण कर. दोऱ्याला कुणीही हात लावायचा नाही. तू तर नाहीच.

एका साक्षीदारावर विसंबू नये. कापडवाल्याच्या दुकानावरच्या भिंतीला तडा असेल, तर त्यावर पातळ काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करा. भिंत हलली तर काच तडकेल. काचेला कुणाची भीड नसते, दाजींचीही नाही.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा, इमारतींतलं मला कळत नाही. म्हणून काच तडकली तर वाद घालू नका. सगळे बाहेर पडा आणि अभियंत्याला बोलवा.

लोभ आहेच, तो असाच राहू दे. उत्तर लगेच धाड.

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आम्ही सुखरूप आहोत, हे आधी वाच.

तडा होता. काच लावली तेव्हा हे हसले, मामानं भिंतीला चष्मा लावला म्हणाले. काल दुपारी बिट्टी काचेकडे बघत पायरीवर बसलेली दिसली. काच मधोमध तडकली होती. हे म्हणाले, कुणाचा तरी चेंडू लागला असेल. ती एवढंच म्हणाली, की चेंडूनं काच फुटेल, पण ओळंबा कसा सरकेल? मी वाकून पाहिलं. टोक नव्या खुणेवरून सरकलं होतं, पहिल्यासारखंच दुकानाच्या बाजूला.

मग मी यांना विचारलं नाही. दारोदार जाऊन गॅस बंद करायला लावला, पोरं बाहेर काढली. लोक यांच्याकडे बघत होते. मग हे वर गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना पाठीवर घेऊन उतरले.

संध्याकाळी अभियंता आला. मधली भिंत पाडल्यानं दुकानावरची तुळई वाकलीय. लोखंडी टेकू लावलेत, दुरुस्तीपर्यंत राहायला बंदी. ओळंबा काढू नका, मला लागेल, असं तो म्हणाला. कुणी टांगला, असं विचारल्यावर यांनी मान खाली घालून सांगितलं, आमच्या मुलीनं.

सध्या वन्संकडे आहोत. बॅगा उघडायच्या आधीच बिट्टी इथल्या जिन्यात दोरा बांधायला स्टुलावर चढली. या वेळी स्टूल मी धरलं.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई