दोन्ही घरची पाहुणी

प्रिय आई,

लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

इथल्या दोन सेवासंस्था आता एकत्र आल्यात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही रोज डबा पोचवतो. काही घरी दोन्हीकडून डबे जायचे, म्हणून याद्या जुळवल्या. दोन्हीकडे असलेलं नाव एका यादीतून खोडायचं, एवढंच काम होतं.

शिवणकाम करणाऱ्या एका आजींचं नाव मी आमच्या यादीतून खोडलं. त्याच दुपारी पलीकडच्या संस्थेतल्या बाईंनी त्यांच्या यादीतून खोडलं. दोघींनाही वाटलं, दुसरी जातेय.

नवव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. ओट्यावर दोन्ही संस्थांचे डबे घासून पालथे घातलेले होते.

‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ असं तू हसत म्हणायचीस ना? मला कुणी एका शब्दानं बोललं नाही गं. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुझा गुडघा कसा आहे? दादाला विचारलं होतं. काल त्याचं पत्र आलं. तो उलट मलाच विचारतोय, “आई कशी आहे?”

मला वाटत होतं, तो दर रविवारी तुझ्याकडे येतो.

पत्र मिळताच दोन ओळी पाठव. तुझ्याच अक्षरात.

तुझी,
धाकटी