डाळमिलच्या रस्त्यावरचे दोनशे बारा

३ डिसेंबर, नांदेड
आकडा फारच चांगला आलाय, म्हणूनच चैन पडत नाही. लातूरच्या सहा रस्त्यांत डाळमिलचा रस्ता पहिला! चालण्या-सायकलीने शरीराला होणारा फायदा, त्यातून धूळ-धुराचं नुकसान वजा – आणि सगळ्यात जास्त फायदा नेमका तिथे, जिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी घसा धरतो. सोमवारी महापालिका आयुक्तांसमोर मांडायचंय. निवडलेल्या रस्त्यांना फुटपाथ, झाडं, रोज पाणी मारणं. विद्यापीठातले आमचे विभागप्रमुख अनंतराव सर खूश. मी नाही.

४ डिसेंबर
सापडलं. त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांचे दोनशे बारा फॉर्म 'अर्धवट' म्हणून गाळलेत. 'वाहन कोणतं?' हा रकाना कोरा. पाहणी करणाऱ्या ऋतुजाला विचारलं. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, कोरं दिसलं की काढ."
हो. मीच.

५ डिसेंबर, लातूर
सकाळी त्या रस्त्यावर गेले. गाळलेल्यांपैकी लक्ष्मीबाई भेटली. पाऊण तास चालत मिलमध्ये कामाला येते, तोंडाला पदर. रकाना कोरा का, विचारलं.
"वाहन इचारलं, बाई. आमचे पाय काय पेट्रोलवर चालतेत?"
सोबतच्या बायका हसल्या. मीही हसले. मग लाज वाटली. परतताना एसटीत तेच डोक्यात – माझ्या हिशेबात उरलं होतं कोण? सायकलवरून तो रस्ता दहा मिनिटांत पार करणारे धडधाकट लोक.

७ डिसेंबर
दोनशे बारा परत घातले. दिवसभर पोती ओढणाऱ्या बाईला चालण्याच्या व्यायामाने आणखी काय मिळणार? धूळ मात्र जाता-येता छातीत. फायद्यापेक्षा नुकसान जास्त निघालं. तीनदा तपासलं.
सर म्हणाले, "पुढच्या अहवालात घालू की. आता ऐन वेळी कशाला?"
मी अडून बसले. खऱ्यासाठी? की माझी चूक राहू नये एवढ्यासाठीच?

९ डिसेंबर
नवा आकडा मांडला. "प्रामाणिक काम आहे," आयुक्त म्हणाले. येताना गाडीत हलकं वाटलं. आता तरी त्या धुळीचं काही करतील.

१३ डिसेंबर
मंजूर यादी आली. फायदा दिसतो तेवढेच रस्ते घेतलेत. डाळमिलचा वगळला.
लक्ष्मीबाईचा नंबर फॉर्मवर होता. फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग आमाला मोजलंच कशाला, बाई?"