पोयण्याची पानं

१८ जुलै
मंडळाच्या चेतनला मी एक दिवस तळ्यात ढकलणार आहे! कानबाई देवीचं विसर्जन यंदा भेस्तानच्या अलीकडच्या तळ्यात, म्हणून मंडळ जेसीबी लावणार. सगळं हिरवं उपटायचं म्हणे. मी म्हटलं, जलकुंभी काढा. ती झाकणासारखी बसते, खाली मासे गुदमरतात. पण पोयणी ठेवा – पांढरी फुलं, ताटाएवढी पानं, ती इथलीच आहेत. तर म्हणतो, "हिरवं ते हिरवं. तू कधीपासून तळ्याची मालकीण?"
नववी नापास पोरीचं कोण ऐकतंय.

२० जुलै
साड्यांना टिकल्या चिकटवायला बसले आणि उठले. सचिन गावाच्या रस्त्याला उंट दिसला. अर्धा तास त्याच्या मागे! मग तळं.
पोयण्याच्या पानावर लांब शेपटीचा पक्षी. पोटाखाली चार तपकिरी अंडी. दुर्बीणवाले गुजराती काका म्हणाले, हा नर आहे. मादी अंडी घालून जाते, बसतो हाच. पानाखाली हात घातला – पाणी गार. बारके मासे सगळे तिथेच, सावलीला.
घरी बाबा, "कथा गयथी व?" कुठे गेली होतीस, बस. आई गेल्यापासून एवढंच विचारतो. पण भाकरी झाकून ठेवलेली असते.

२३ जुलै
खोटं बोलले. कानबाई मालतीबाईंच्या घरी बसते, त्यांचा शब्द मंडळात कोणी मोडत नाही. त्यांना सांगितलं, कानबाईला पोयण्याचं फूल फार आवडतं, माझी आत्या सांगायची. मला आत्याच नाही!
त्यांनी चेतनला बोलावलं. पोयण्याला कोणी हात लावायचा नाही. फुलं चिरडायला नकोत म्हणून जेसीबी विसर्जनानंतर, सहा तारखेला, फक्त जलकुंभीला.
चेतनचं तोंड बघण्यासारखं होतं.

३ ऑगस्ट
हरामखोर! सगळे! आणि मी पहिली!
आज कानबाई बसली. सकाळीच बायका गुडघाभर पाण्यात. आधी फुलं. मग कोणीतरी म्हटलं, फूल चालतं तर पानही चालेल. प्रसादाचे रोट वाढायला पानं – टोपल्या भरभरून! एक पोरगी हसत सांगत होती, दोन अंडी घरंगळून पाण्यात पडली.
मालतीबाईंनी सगळ्यात मोठं पान माझ्यासाठी ठेवलेलं. "तुझ्यामुळे कळलं गं बाई." वर रोट, खीर.
तसंच ठेवून निघाले. नवागामपर्यंत चालत गेले. का, माहीत नाही.

४ ऑगस्ट
विसर्जन झालं. गेले नाही.

५ ऑगस्ट
तळ्यावर गेले. पोयण्याचं एक पान नाही. तो आहे – जलकुंभीच्या मधोमध बसलाय. उठला तेव्हा दिसली, उरलेली दोन अंडी, त्यानेच चोचीने ढकलत आणलेली.
जेसीबी उद्या आठला. माझ्याच सांगण्यावरून.
चेतन फोन उचलत नाही.