इस्त्रीचं टेबल

प्रिय आईस,

प्रभूच्या कृपेत तू बरी असशील. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. इथं लाँड्रीत दिवसभर वाफ असते. ऊन आत आलं की पांढऱ्या चादरी तरंगतायत असं वाटतं, आणि त्यांच्यात कुठेतरी मीही.

तू कधी विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. माझ्या हातून धाकट्याच्या तळहातावर इस्त्री पडली, तेव्हापासून मी इस्त्रीला शिवले नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनात येशूच्या नावाची भाकरही घेतली नाही. ताट आलं की पुढे सरकवायची.

परवा रविवारी चर्चमध्ये शेजारी आमच्या लाँड्रीतल्या रफूवाल्या बाई होत्या. मी सरकवलेलं ताट त्यांनी धरलंच नाही. "आधी तू," म्हणाल्या.

"माझी लायकी नाही हो," मी पुटपुटले.

"प्रभूनं माफ केलंय ना? मग तू कोण त्याच्याहून मोठी लागून गेलीस?"

सगळी रांग खोळंबली. मी घेतली. भाकर जिभेवर विरघळेपर्यंत अख्खं चर्च वाफेसारखं हलकं झालं होतं गं.

सोमवारी मी इस्त्रीचं टेबल मागून घेतलं.

थंडीत धाकट्याचा हात अजून आखडतो का? सुट्टीत येतेय. त्याचा रविवारचा शर्ट चुरगळलेलाच राहू दे.

तुझीच,
थोरली