चिमीला मी काय शिकवलं

ता. ३, सोमवार
चिमीची शाळा सुरू होणार. पंधरवडा उरला. सौ.च्या माहेरी एक पद्धत आहे. आदल्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, आणि घरात कोणी काय शिकवलं ते सांगून मुलाने त्याला एक फूल द्यायचं. खूळच आहे. पण ऑफिसात ट्रेनिंग इन्चार्जची जागा रिकामी आहे. एकदम डोक्यात ट्यूब पेटली. साहेबांनाच बोलवायचं! पोरीला मी कसं घडवलंय ते त्यांनी डोळ्यांनी बघावं. मग जागा आपल्या पायांनी चालत येईल.
निश्चय: रोज संध्याकाळी तासभर शिकवणार. विषय: सूर्यमाला.

ता. ४, मंगळवार
साहेबांना आमंत्रण दिलं. येतो म्हणाले. वर तब्येत कशी आहे, तेही विचारलं. माणूस मायाळू.
धडा उद्यापासून. आधी आपला पाया पक्का हवा, म्हणून पुस्तक चाळत पडलो.

ता. ७, शुक्रवार
पहिला धडा. बुध, शुक्र झाले. पृथ्वीपाशी माझा डोळा लागला. जाग आली तर चिमीने माझ्या पायाची नखं लाल रंगवलेली. कल्पकता माझ्यावर गेलीय.
सौ. म्हणाली, ग्रह राहू देत, तिला बुटाची नाडी बांधायला शिकवा. म्हटलं, किरकोळ खाती तू सांभाळ.

ता. १०, सोमवार
सासरे मुक्कामाला आले. रिटायर्ड वायरमन. चहा व्हायच्या आत नातीला शीळ घालायला शिकवायला बसले. दुसरं काय शिकवणार म्हणा! दिवसभर घरात शिट्ट्या. माझा मंगळ कोणाला ऐकू जाईना. धडा रद्द.

ता. १३, गुरुवार
नाडी जमली म्हणे, एका बैठकीत. विषयच सोपा.
चिमीला विचारलं, बाबांनी काय शिकवलं ते सांगशील ना? म्हणाली, माहितीये मला. किती ठाम! तालीम घेतली नाही. तालमीने उत्स्फूर्तपणा जातो. माझं भाषण मात्र लिहायला घेतलं. विषय: शिक्षक जन्मावा लागतो.

ता. १६, रविवार, संध्याकाळ
समारंभ झाला.
चिमीने नाडी बांधून दाखवली, आईला फूल दिलं. शीळ घातली, आजोबांना फूल दिलं. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मी घसा साफ करून पुढे सरकलो. चिमी फूल घेऊन आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबांनी मला फोनवर बोलायला शिकवलं. साहेबांचा आला की सांगायचं, बाबांना ताप आहे, झोपलेत."
साहेबांनी प्रेमाने विचारलं, "आणि दुसऱ्या कोणाचा आला तर?"
"मग बाबा स्वतः घेतात. पत्ते खेळायला जायचं असतं ना."
साहेब म्हणाले, मुलगी हुशार आहे. सरबत अर्धं ठेवून गेले. भाषण राहिलं. सूर्यमालेचा तर विषयच निघाला नाही. सासऱ्यांनी पाठीवर हात ठेवला. ते सगळ्यात जास्त झोंबलं.

ता. १७, सोमवार
ट्रेनिंगची जागा भरली. पहिला वर्ग वक्तशीरपणाचा. शिकणाऱ्यांच्या यादीत मी एकटाच.
घरी येऊन तोंड पाडून बसलो. खरंच वाईट वाटत होतं. पोरीच्या पहिल्या दिवसाची चौकशीही केली नाही. तीच जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीपण माझ्या शाळेत चला. आमच्या बाई रागवत नाहीत. काहीच येत नसलं तरी घेतात."