सेगामेत्सीला मागणी घालायला गेलो त्याची हकीकत

चि. ओतेंग यास कान्येहून थोरल्या भावाचे मनापासून आशीर्वाद.

तू कसा उठलास? मुलांची आई कशी उठली? मुले कशी उठली? इकडे देवाच्या कृपेने सगळे उठलो. तांबडी गाय मात्र उठलेली नाही, पण तिचे दुखणे वेगळ्या पत्राचे आहे.

मुलांना लंडनच्या शाळेत आपल्या त्स्वाना भाषेची आणि माणसांची ओळख करून द्यायची आहे, म्हणून तू चार ओळी मागितल्यास. चार ओळींत आपले 'कसा उठलास'चे नमस्कारही संपत नाहीत. त्यापेक्षा गेल्या शनिवारी काय झाले ते सांगतो. त्यात भाषाही आली आणि माणसेही.

आपल्या बहिणीच्या मोआगीला वरच्या वस्तीतली सेगामेत्सी पसंत आहे. महिनाअखेर ती नर्स म्हणून दूर माउनला जाणार, त्याआधी मागणी व्हायलाच हवी. मागणी घालायची मामाने, तीही ऊन चढायच्या आत. म्हणून मी आणि मोआगीची आत्या मा-बोइकान्यो पहाटेच निघालो. मोआगी रीतीप्रमाणे बाहेर रस्त्यावर थांबला. (वाटेत मी प्रार्थना केली, की देवा, तोंडून भलता शब्द निघू देऊ नकोस. देवाने जरा जास्तच ऐकले.)

मुलीचे मामा रा-मोक्वादी सत्तरीचे. त्यांनी आमचे उठणे विचारले, मग पाऊस, मग गुरे, एकेक करून. मी त्यांची विचारली. त्यांच्याकडे चाळीस आहेत. आता पाहुण्याला 'कशासाठी आलात' असे विचारणे त्यांना शोभणार नाही, आणि त्यांनी 'बोला' म्हटल्याशिवाय विषय काढणे मला शोभणार नाही. दोघेही चांगल्या घरचे, हीच अडचण. मध्येच त्यांच्या लक्षात आले, की आपल्या आजीचे माहेर त्यांच्याच वस्तीतले. मग त्या घरातले मेलेले एकेक निघाले आणि मी प्रत्येकासाठी मान खाली घालून बसलो. आत्या मागून कुजबुजली, "अरे बोल की मेल्या, ऊन कुंपणावर आलं!" मी घसा साफ करून, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे 'रा' म्हणून आदराने म्हणालो, "रा, यंदा ऊन फार आहे." त्यांनी मान डोलावली. "फारच."

ऊन चढले. आता ती वेळ गेली. निघताना त्यांनी प्रेमाने दोन कलिंगडे दिली, ती नाकारता येईनात.

रस्त्यावर मोआगी धावत आला. "मामा, काय म्हणाले?"

"फार भली माणसं आहेत."

"आणि सेगामेत्सी?"

"तिचा विषय निघाला नाही."

आत्याने दोन्ही कलिंगडे त्याच्यापुढे धरली. "घे बाबा, यातलं एक पसंत कर. मामानं हीच मिळवलीत."

तर मुलांना सांग, आपल्या भाषेत आधी माणूस येतो, मग काम. खूप विचार केला, पण यात मला अजूनही चूक दिसत नाही. मोआगी मात्र तीन दिवस माझ्याशी बोललेला नाही, फक्त नमस्कार करतो. (तो मात्र पूर्ण करतो.)

तुझा भाऊ,
गाओलाथे

ता. क. शाळेपुरते एवढे बस.

आणखी एक ता. क. खरे काम राहिलेच. पंचवीस तारखेला पुन्हा जायचे आहे, आणि मोआगीचा मामा तूही आहेस. मागे तू फोन केलास तेव्हा मी कसा उठलो हे न विचारता एकदम म्हणालास, "विहिरीच्या पंपाचं काय झालं?" मला फार लागले. तुझी बोलण्याची रीत सुधारावी म्हणून मी दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करतो आहे. ती अजून फळली नसेल, तर ताबडतोब नीघ.